घरी झालं

आमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात नाव, वय आणि पत्ता यांच्यानंतर चौथा रकाना येतो. दुखापत कुठे झाली. गेली एकोणीस वर्षं मी या खिडकीत बसून तो रकाना भरते आहे. कुणी माझं रजिस्टर उघडून वाचलं तर त्याला वाटेल, आमच्याकडची शेतं म्हणजे तान्ह्या बाळाला झोपवावं इतकी सुरक्षित, आणि घरं मात्र माणसांच्या जिवावर उठलेली. दारं पायावर पडतात, भाजी चिरताना मनगटं कापली जातात, पलंगावरून उतरताना बरगड्या मोडतात. एका हंगामात एकोणतीस माणसं घरी जखमी झाली आणि कामावर एकही नाही. आमचे डॉक्टर एकदा म्हणाले, ही घरं पाडून टाका आणि सगळ्यांना शेतात राहायला पाठवा. आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण ती सगळी घरं माझ्या अक्षरातली होती.

ही घरं ज्यांनी रचली त्या माणसाबद्दल मला सांगायचं आहे. त्यांना समोर सगळे मामा म्हणत आणि पाठीमागे साडेतीन. उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेलेला, शेजारचं बोट अर्धं, उरली साडेतीन. हे नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. गावात दीडशहाणे पुष्कळ आहेत, साडेतीन मी एकटाच, असं तेच सांगत सुटायचे. मालकाला अंगठा दाखवायचा म्हटलं तरी उजव्या हाताला ती सोय राहिली नाही, हा त्यांचा आणखी एक ठरलेला विनोद. माणूस विनोदी होता. अशा माणसावर रागावणं फार अवघड असतं, आणि मला तर तेव्हा रागवायचंही नव्हतं.

गावाबाहेर मोठा मळा आहे. मालक कुठे दूर राहतात, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मळा चालवतो मॅनेजर. हंगामात तिथे साठ-सत्तर माणसं कामाला असतात आणि मळणीचं मशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत धडधडत असतं. या मशीनच्या तोंडाला पत्र्याची एक लांब पन्हळ असते, चांगली हातभर लांब. पेंढी पन्हळीच्या या टोकाला ठेवायची, ती घसरत आत जाते, आणि आतल्या दातेरी रुळापर्यंत माणसाचा हात पोचूच शकत नाही. ज्याने कुणी ती बनवली त्याला हाताची किंमत माहीत होती. पण पेंढ्या जरा ओलसर असल्या की पन्हळीत अडकतात. अडकल्या की मशीन बंद करा, ओढून काढा, पुन्हा चालू करा, यात दिवसाच्या दोन ट्रॉल्या कमी भरतात. म्हणून हंगामाच्या पहिल्याच दिवशी पन्हळीचे चार नट काढून ती बाजूला ठेवायची, हा मळ्याचा शिरस्ता. मग पेंढी मुठीत धरून थेट तोंडात सारायची आणि रुळानं पकडली की मूठ सोडायची. मूठ कधी सोडायची हे कळलं की माणूस कामात तयार झाला, असं तिथे म्हणतात. काढलेली पन्हळ झाडाखाली उपडी ठेवलेली असे. दुपारच्या सुट्टीत तिच्यावर आळीपाळीनं दोघं-दोघं खेटून बसत आणि डबे उघडत. हात वाचवायला केलेल्या वस्तूवर बसून लोक जेवायचे.

मामांनी मूठ सोडायला उशीर केला तेव्हा ते पस्तिशीत होते आणि मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. टॉवेलात गुंडाळलेला हात छातीशी धरून ते खिडकीपाशी उभे राहिले. कपाळावरून घाम निथळत होता. नाव, वय, पत्ता. मग मी विचारलं, कुठे झालं? ते म्हणाले, मळ्यावर. मागे मॅनेजर उभा होता. त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी सख्ख्या भावानं ठेवावा तसा, आणि मला म्हणाला, "घरी झालं, बाई. घाबरलाय तो. काहीतरी बोलतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आम्ही दोघंही दुसरं कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबलो होतो. मग मामा म्हणाले, हो, घरी. मी लिहिलं.

हा किस्सा पुढे मामा स्वतःच रंगवून सांगत. आपला चेहरा कसा झाला होता, मॅनेजरनं आवाज कसा मऊ केला होता, सगळं साभिनय. घाबरलाय तो, काहीतरी बोलतो, हे वाक्य ते मॅनेजरच्या आवाजात म्हणायचे आणि ऐकणारे हसून लोळायचे. त्यांच्या घरात तर ते वाक्य म्हणीसारखं झालं होतं. कुणी जास्त खरं बोलायला लागलं की दुसरा म्हणे, घाबरलाय तो.

हात बरा झाल्यावर मॅनेजरनं त्यांना काढून टाकलं नाही. उलट मशीनवर देखरेखीचं काम दिलं आणि ट्रॅक्टरच्या शेडमागच्या दोन खोल्या राहायला दिल्या. बदल्यात दोन कामं. हंगामाच्या सुरुवातीला पन्हळ काढायची, कारण पाना त्यांच्या ताब्यात. आणि कुणाला लागलं तर त्याला घेऊन दवाखान्यात यायचं आणि तो खिडकीशी काय बोलेल याची काळजी घ्यायची.

हे दुसरं काम त्यांनी असं अंगी बाणवलं की काय सांगू. ट्रॉलीतून येता येता ते जखमी माणसाला गोष्ट पढवत. नुसतं घरी झालं म्हणून भागत नाही, डॉक्टर विचारतात कसं झालं, तर उत्तर तयार हवं. एका आठवड्यात दोघांना एकच गोष्ट द्यायची नाही. औषध फवारताना चक्कर येऊन पडलेल्याला ते उपाशीपोटी व्यायाम करायला लावत. टाचेत फाळ घुसला तर तो अंगणात पडलेला खिळा. ट्रॅक्टरच्या पट्ट्यात सापडलेल्या बाईला त्यांनी शिवणयंत्राच्या पट्ट्यात अडकवलं होतं, आणि हे सांगताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावले होते. खोटं बोलतो आहोत असं त्यांना वाटतच नसे. ते म्हणायचे, बाई, कामावर लिहिलंत की मशीनला सील लागेल, साठ घरं बसून राहतील, आणि ज्याला लागलं त्याला पुन्हा कुणी कामावर घेणार नाही. घरी लिहा. परवा पट्टी बांधून येईल बिचारा.

आणि मी लिहीत होते. कामावर असं लिहिलं तर गुलाबी फॉर्म भरावा लागतो, तीन प्रतींत. एक कामगार कचेरीला, एक पोलीस चौकीला, एक आमच्याकडे. अधिकारी येऊन मशीन सील करतो आणि संरक्षणाचे भाग बसवल्याशिवाय ते सुरू करू देत नाही. जखमी माणसाची रवानगी कामगारांच्या मोठ्या इस्पितळात होते. तिथे पुढचा इलाज आहे, कृत्रिम हातपाय आहेत, सगळं आहे. एवढं सगळं त्या एका शब्दावर अवलंबून, आणि मी तो शब्द लिहीत नव्हते. गुलाबी फॉर्मांचा गठ्ठा काचेच्या कपाटात होता. वरचे दोन-चार ऊन लागून पांढरे पडले होते. दर हंगामाला मळ्यावरून दवाखान्यात टोपलीभर टोमॅटो आणि कोबी यायचा. मी कधी नको म्हटलं नाही.

मामांची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायलाच हवी. उजव्या हाताला अंगठा नसल्यामुळे त्यांना डाव्या मनगटाचं बटण लावता येत नसे. सुरुवातीला मामी लावून देत. पण रोज बायकोपुढे हात करून उभं राहणं त्यांना पटेना. मग त्यांनी प्रत्येक शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण कापून काढायला सुरुवात केली. बटण वाया कशाला घालवायचं, छातीवरचं एखादं तुटलं की तिथे लागतं. ती बटणं चहाच्या एका जुन्या डब्यात जमा होत आणि मामा डबा वाजवून दाखवत, ही माझी शिल्लक. डावी बाही कोपरापर्यंत दुमडायची की काम झालं. मामी गेल्यावर तर त्या घरात दुसरं कुणी बटण लावणारं राहिलंच नाही.

पुढे त्यांची लेक घरी परत आली. नवऱ्यानं शहरात दुसरा संसार थाटला होता आणि हिनं चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बापाचं दार वाजवलं. धडधाकट बाई, बोलायला तिखट, हात चालवायला त्याहून तिखट. ती मळ्यावर कामाला लागली आणि दोन हंगामांत मशीनच्या तोंडाशी उभी राहायला लागली. तिथे कमी माणसं टिकतात. मामांना अभिमान वाटायचा. माझ्या पोरीची मूठ बघा, ते सांगायचे, पेंढी रुळाला लागते न लागते तोच हिची मूठ उघडलेली. मला आठवतंय, मी त्यांना विचारलं होतं की पोटच्या पोरीला तिथे कशाला उभी करता. ते म्हणाले, ती माझ्यासारखी वेंधळी नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना आपल्या बोटांबद्दल विनोद न करता बोलताना ऐकलं. ते स्वतःला वेंधळा समजत होते. पन्हळ नव्हती म्हणून बोटं गेली असं नाही, आपण मूठ उशिरा सोडली म्हणून गेली, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. मळ्यावर सगळेच तसं धरून चालतात. लागलं तर माणूस चुकला. यंत्राचं कधी काही चुकत नाही.

मळणीचा भुसा अंगाला फार खाजवतो. म्हणून बायका कपड्यांवरून पुरुषांचे जुने, लांब बाह्यांचे शर्ट घालतात. लेक बापाचा शर्ट घालत होती. त्याला डाव्या बाहीचं बटण नव्हतं.

हे तिला माहीत होतं. रोज कामाला उभं राहण्याआधी ती बाही मनगटाशी सुतळीनं बांधायची, दातांनी गाठ आवळायची. त्या दिवशी पन्हळीवर बसून ती जेवली, हात धुवायला सुतळी सोडली, आणि मशीन सुरू झाल्याचा आवाज आला म्हणून धावत जाऊन उभी राहिली. पहिलीच पेंढी. मूठ तिनं वेळेवरच सोडली होती. बाही गेली आत, आणि बाहीमागून हात.

मामा तिला घेऊन आले तेव्हा खिडकीसमोरच्या बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, ती न सांगता उठली. सिस्टरनी तिला भिंतीशी खाटेवर झोपवलं आणि कात्रीनं शर्ट कापायला घेतला. मनगटापासून खाली हात नव्हता, एवढंच सांगते. मामा खिडकीशी आले. त्यांच्या छातीवर, गळ्यावर रक्त होतं आणि ते खिडकीची पट्टी साडेतीन बोटांनी धरून उभे होते. मी नाव, वय, पत्ता आपणच लिहिलं, मला सगळं पाठ होतं. चौथ्या रकान्यापाशी पेन टेकवलं आणि सवयीनं विचारलं, कुठे झालं?

"मळ्यावर," ते म्हणाले. "मळणीच्या मशीनमध्ये. लिहा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"लिहा ना, बाई. मळ्यावर. मशीनला पन्हळ नव्हती. पन्हळ मी काढली होती, तेही लिहा."

मी उठले. कपाट उघडलं, पांढरे पडलेले वरचे फॉर्म बाजूला सारून आतले तीन गुलाबी काढले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. त्या बाईचा हात खाटेवर नव्हता आणि मला आनंद झाला होता, कारण अखेर कुणीतरी बोललं होतं आणि मला आता लिहायला मिळणार होतं. मी पहिल्या प्रतीवर तारीख घातली. दुखापतीचं ठिकाण लिहिलं. कारण लिहायला लागले तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. बारीक, पण एकेक अक्षर सुटं.

"घरी झालं."

मामा वळले. ती छताकडे बघत होती. "घरी झालं, बाई," ती पुन्हा म्हणाली. "कडबा कापायच्या मशीनमध्ये. बाबा घाबरलेत. काहीतरी बोलतात."

त्यांच्या घरी कडबा कापायचं मशीन नव्हतं. कडबा खायला जनावर नव्हतं. दोन खोल्यांच्या त्या घरात मांजरसुद्धा नव्हतं. मामा तिच्याजवळ गेले, खाली वाकून काहीतरी म्हणाले. तिनं मान हलवली. ते पुन्हा म्हणाले. तिनं डोळे मिटले आणि डॉक्टर आले तेव्हा उघडले. डॉक्टरांनी विचारल्यावर तिनं गोष्ट पूर्ण सांगितली, कोणत्या बाजूनं कडबा घालत होती, चाक कसं फिरलं, कुठेही न अडखळता. बापाच्या हाताखाली शिकलेली होती. मामा मध्येच बोलले की हे खोटं आहे, मी मशीनवरचा माणूस आहे, मला माहीत आहे. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. आयुष्यात ज्यांनी डॉक्टरांना एकदाही खरं सांगितलं नाही ते मामा आज खरं बोलत होते, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तोच कंटाळा होता जो नेहमी असायचा. ते मला म्हणाले, रुग्ण शुद्धीवर आहे, ती सांगते ते लिहा.

मी गुलाबी फॉर्म फाडला. रजिस्टरात घरी लिहिलं. तिला तालुक्याच्या साध्या इस्पितळात पाठवलं, जिथे जखम शिवतात आणि घरी सोडतात.

तीन आठवड्यांनी सिस्टर ड्रेसिंगला निघाल्या तेव्हा मी बरोबर गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. शेडमागच्या त्या दोन खोल्यांत डिझेलचा वास होता आणि सगळं जिथल्या तिथे होतं. दारात ऊन आलेलं, आणि त्या उन्हात नात स्टुलावर बसली होती. तिची वेणी घालणं चाललं होतं. लेकीनं एका हातानं केसांचा एक पेड धरला होता, मामांनी दोन हातांनी दोन. ती म्हणे आता तुमचा वर, आता माझा, आता पुन्हा तुमचा. पेड निसटत होते. नात शहाण्यासारखी मान ताठ ठेवून बसली होती. मामांनी मला पाहिलं आणि जुन्या सवयीनं विनोद केला, बाई, दोघांची मिळून एक वेणी, आमच्या दोघांत साडेतेरा बोटं आहेत. कुणीच हसलं नाही. मग ते उठून बाहेर गेले.

सिस्टर पट्टी सोडत होत्या तेव्हा मी तिला विचारलं. का केलंस असं? हात तर गेलाच होता. निदान दुसरा मिळाला असता, मशीन बंद पडलं असतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अधिकारी आला असता तर त्यानं पहिलं काय विचारलं असतं? पन्हळ कुणी काढली. पाना कुणाकडे असतो ते अख्ख्या मळ्याला माहीत आहे. मॅनेजर म्हणाला असता, मी तर लावून ठेवायला सांगितली होती. मग बाबांना नेलं असतं. एक हात गेलाय, बाई. आता बापही घालवू?"

ती चूक होती असं मी म्हणणार नाही. चूक कुणाची होती हे मला नीट माहीत आहे, आणि त्या यादीत माझं नाव बरंच वर आहे.

त्या तीन आठवड्यांत मळ्यावर जे झालं ते मला सिस्टरनी वाटेत सांगितलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी पन्हळ झाडाखालून उचलून आणली, तिच्यावर बसून जेवणाऱ्यांचे डाग धुतले आणि चार नट आवळून ती मशीनला बसवली. अंगठा नसलेल्या हातानं पाना धरवत नाही, तर त्यांनी तो मनगटाला फडक्यानं बांधला होता. दोन दिवस मळणी तशी चालली. तिसऱ्या दिवशी पेंढ्या अडकायला लागल्या. मॅनेजरनं ट्रॅक्टरवाल्याला पन्हळ काढायला पाठवलं तेव्हा मामा मशीनच्या तोंडापुढे उभे राहिले. मॅनेजर त्यांना एका शब्दानं बोलला नाही. बोलली ती माणसं. ज्यांना मामांनी स्वतः ट्रॉलीत घालून दवाखान्यात नेलं होतं, तीच म्हणाली की मामा, बाजूला व्हा, दिवस वाया जातोय. ज्या बाईला त्यांनी शिवणयंत्रात अडकवलं होतं तिनंच त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. त्या संध्याकाळी मामांना घरी बसायला सांगण्यात आलं.

खोल्या मात्र मळ्याच्या होत्या. खोल्यांत राहायचं तर घरातलं कुणीतरी मळ्यावर कामाला हवं. मॅनेजर फळं घेऊन भेटायला आला आणि लेकीला म्हणाला, तुला हलकं काम देतो. हलकं काम म्हणजे बापाचं काम. जखम सुकली तशी ती रुजू झाली. आता कुणाला लागलं की ती घेऊन येते. डावी बाही अर्ध्यातून दुमडून पिनेनं टोचलेली. मामांसारखी ती डोळे मिचकावत नाही, विनोद करत नाही. खिडकीशी येते, नाव सांगते, वय सांगते, आणि मी विचारायच्या आधी म्हणते, घरी. गोष्टी तिच्या बापापेक्षा चांगल्या असतात. मी लिहिते. मला आता रागावायला तोंड नाही.

मागच्या महिन्यात दुपारी गर्दी ओसरल्यावर मामा एकटेच आले. त्यांना काही झालं नव्हतं. खूप बारीक झाले होते आणि शर्टाची डावी बाही न दुमडता तशीच लोंबत होती. खिडकीशी उभे राहून म्हणाले, माझं पान काढा. मला आधी कळेना. मग ते म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वीचं, माझ्या बोटांचं.

जुनी रजिस्टरं मागच्या खोलीत फळीवर आहेत. मी ते शोधून आणलं, धूळ पुसली. माझं तेव्हाचं अक्षर गोल होतं, शाळेतल्या मुलीसारखं. त्यांचं नाव सापडलं. चौथ्या रकान्यात एक म होता, त्यावर आडवी रेघ, आणि पुढे घरी. मी तो म साफ विसरले होते. मळ्यावर लिहायला मी सुरुवात केली होती. मॅनेजर बोलला तेव्हा माझं एक अक्षर लिहून झालेलं होतं.

मामांनी अर्ध्या बोटानं त्या अक्षरावरून हात फिरवला. "हे खोडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "मी खोडलं, मामा."

मला वाटत होतं त्यांनी मला शिव्या द्याव्यात. निदान एक तरी द्यावी. ते एवढंच म्हणाले की तेव्हा तुम्ही नवीन होतात. मग म्हणाले, आता नीट लिहा. तिचं ती लिहू देत नाही, माझं तर माझ्या हातात आहे.

एवढ्या जुन्या नोंदीत फेरफार करायचा मला अधिकार नाही. त्यानं कुणाचा काही फायदाही होणार नव्हता. ते रजिस्टर पुन्हा कुणी उघडणार नाही, आणि वाळवी लागली की जळणात जाईल. तरी मी पेन घेतलं. घरी या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, मळ्यावर, मळणीच्या मशीनमध्ये, पन्हळ नसताना. खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि सही केली. मामांनी शेजारी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मग त्यांनी पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मान डोलावली.

जाताना ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. खिडकीशी वाकून, कुणी ऐकत नाही ना असं बघून, त्यांनी आवाज बारीक केला.

"पोरीला किंवा मळ्यावर कुणाला यातलं काही कळू देऊ नका, बाई. तिला बोलणी बसतील. तिची नोकरी आहे तिथे."